रडायच्या चार जागा

"पण हाच उतारा का निवडलास?" विसूमास्तरांनी विचारलं.

"यात रडायला चार जागा आहेत," शार्दूल म्हणाला. "शेवटी गुडघ्यांवर कोसळता येतं. परीक्षक तिथे हमखास पाघळतात."



उतारा असा: बाप कायमचं घर सोडून निघालाय आणि मुलगा त्याला थांबवतोय. दहा मिनिटं एकट्या मुलानंच बोलायचं.

शार्दूल हा मास्तरांचा सगळ्यात तयार विद्यार्थी. घरात बक्षिसाच्या अकरा ढाली, आणि त्या अकराही तो बोलता बोलता मोजून दाखवी. एकपात्रीच्या स्पर्धेला वयाची अट होती आणि त्याचं हे शेवटचं वर्ष. मास्तरांच्या सहीची प्रवेशिका त्याच संध्याकाळी द्यायची होती.

"तयारी कशी केलीस?"

"चाळीस दिवस. आरशासमोर."

"बरं. बाप म्हणून मी बसतो. कर सुरू."

मास्तर त्याच्यासमोर खुर्चीवर बसले. मी, त्यांचा जुना प्रॉम्प्टर, संहिता धरून कोपऱ्यात.

आवाज काय लागला होता पोराचा! पहिल्या जागेला माझेही डोळे भरले.

चौथ्या मिनिटाला मास्तर उठले. दारापर्यंत गेले. चपला घालायला वाकले. थोड्या वेळानं बाहेर पडले.

शार्दूलची नजर वर, छताच्या कोपऱ्यात. तो बोलत राहिला. रडला, विनवण्या केल्या, रिकाम्या खुर्चीपुढे गुडघ्यांवर कोसळला. मग मान वर केली.

"मास्तर कुठायत?"

"गेले," मी म्हटलं. "दुसऱ्या रडण्याच्या आधीच."

खरं सांगतो, मलाही मास्तरांचा संताप आला. सहा वर्षं ज्यानं तालमीच्या सतरंज्या उचलल्या, त्याचं काम अर्ध्यात टाकून जायचं? नाटकवाल्या माणसानं? हा माज नव्हे तर काय!

शार्दूल अनवाणीच धावला, त्याच्यामागे मी. मास्तर फाटकाशी उभे होते.

"ही कुठली रीत?" तो ओरडला. "आवडलं नसेल तर तोंडावर सांगा. शिव्या घाला! परका माणूससुद्धा शेवटपर्यंत बसतो हो, आणि तुम्ही पाठ फिरवून चालते झालात?"

त्यानं माझ्याकडे बोट दाखवलं.

"चाळीस दिवस घासलंय मी! एकही शब्द चुकला नाही, विचारा यांना!"

"नाही चुकला," मी म्हटलं.

मास्तरांनी खिशातून प्रवेशिका काढली आणि त्याच्या हातात ठेवली. सहीची जागा कोरी होती.

शार्दूलनं ती उलटसुलट करून पाहिली. "माझं शेवटचं वर्ष आहे, मास्तर. निदान उठण्याआधी मला काही कळू तरी द्यायचं होतं!"

आता मास्तरांचाही आवाज चढला.

"दारात मी चपलेचा पट्टा तीनदा लावला रे!"