केरबा आणि बंद पडणारी गाडी

एका गावात एक भोळा मेहुणा होता. केरबा त्याचं नाव. भोळी माणसं त्या गावात आणखीही होती, पण ती आपली म्हसरं राखत होती. केरबाच्या हाती मात्र गाडी होती. कारण एवढंच, की त्याची बहीण शेवंताबाई ही गुळाचे व्यापारी रंगराव यांची बायको.

रंगरावांनी पहिल्याच दिवशी विचारलं होतं, "ह्याला डोकं आहे का?"

शेवंताबाई म्हणाल्या, "गाडी हातापायांनी चालवतात."

झालं. केरबा ड्रायव्हर झाला.

गाडी जुनी. आठवड्यातून एकदा तरी हायवेवर बंद पडायचीच. पहिल्यांदा पडली ती भर रस्त्यात. रंगराव मागच्या सीटवर घोरत होते. केरबानं त्यांची झोप मोडली नाही. गाडी तशीच मधोमध ठेवली, डबा उघडला आणि भाकरी खायला सुरुवात केली. एका ट्रकच्या भोंग्यानं रंगराव दचकून जागे झाले. ट्रक इतका खेटून गेला, की गाडीचा आरसा सोबत घेऊन गेला. रंगराव खाली उतरून ओरडले,

"अरे गाढवा, इथं जेवायला बसलास?"

"भूक लागली हुती, दाजी."

"गाडी बंद पडली की आधी ढकलून कडेला घ्यायची! रस्त्यात ठेवायची नाही. लक्षात ठेव!"

केरबानं लक्षात ठेवलं. तिथंच घोटाळा झाला.

पुढच्या खेपेला रेल्वेचं फाटक पडलेलं होतं. रंगराव म्हणाले, "गाडी बंद कर, डिझेल फुकट जळतंय," आणि टपरीवर चहा प्यायला गेले. केरबानं गाडी बंद केली. बंद म्हणजे बंद. लगेच खाली उतरला आणि एकट्यानं जोर लावून गाडी कडेला ढकलली. कडेला उतार होता, उताराखाली नुकतंच पाणी पाजलेलं उसाचं रान होतं. फाटक उघडलं, सगळ्या गाड्या गेल्या. रंगराव मिशा पुसत परत आले, तर त्यांची गाडी चिखलात बसलेली आणि केरबा बांधावर समाधानानं उभा.

"घेतली कडंला," तो म्हणाला.

रंगरावांनी कपाळावर हात मारून घेतला. "अरे, ती बंद पडली नव्हती, बंद केली होती! रांगेत असताना पुढची गाडी हलेपर्यंत आपण जागचं हलायचं नाही. मागचे किती का बोंबलेनात!"

"न्हाई हलत," केरबा म्हणाला.

आणि नाही हलला. हायवेवर कडेच्या पट्ट्यात एक ट्रक उभा होता. केरबानं आपली गाडी त्याच्यामागे नेऊन लावली. रंगराव फोनवर गुळाच्या भावासाठी भांडत होते, त्यांचं लक्ष नव्हतं. भांडण संपलं, तेव्हा त्यांनी विचारलं, "एवढा वेळ कसला खोळंबा?"

"पुढची हलंना, दाजी."

रंगराव उतरून बघतात तर ट्रकला मागचं एक चाकच नाही. ट्रकखाली कुत्री व्यालेली. तिच्या पिलांचे डोळेसुद्धा उघडले होते.

"आंधळ्या! बंद पडलाय तो! ट्रकवाल्यानं मागं दगड नाहीत ठेवले? झाडाची फांदी नाही ठेवली?"

"ठेवली हुती की. गाडी लावाया अडचण व्हत हुती, म्हनून मीच उचलून टाकली."

तेवढ्यात एक बस करकचून वळून त्यांच्या शेजारून गेली. रंगरावांनी आधी फांदी जागेवर ठेवली, मग केरबाला शिव्या दिल्या, आणि त्याच दिवशी लाल त्रिकोण विकत घेतला. "बंद गाडीच्या मागं पन्नास पावलांवर हा पाहिजे. म्हणजे पाहिजेच! मागून येणाऱ्याला लांबून कळतं, माणसं मरत नाहीत."

पुढच्या वेळी गाडी बंद पडली, तेव्हा केरबानं ती कडेला घेतली, पन्नास पावलं मोजून त्रिकोण ठेवला. रंगरावांना गहिवरून आलं. त्यांनी फोन करून क्रेन बोलावली, गाडी मागे बांधली आणि स्वतः क्रेनवाल्याशेजारी बसले. केरबा मागे बसला असेल, असं त्यांना वाटलं. नाक्यावर पोचल्यावर त्यांनी आरशात पाहिलं. लांबून केरबा पळत येत होता. डोक्यावर त्रिकोण, तोंडाला फेस.

"क्रेनवाला लई जोरात चालीवतोय," तो धापा टाकत म्हणाला. "पन्नासाची पाचशे पावलं हुत्यात."

रंगराव हात जोडून म्हणाले, "केरबा, शेवटचं सांगतो. बंद पडलं की आधी दिवे उघडझाप करायचे. मग माणसं उतरवून कठड्यापलीकडं न्यायची. मग त्रिकोण. मग क्रेनला फोन. आणि मला काही विचारायचं नाही!"

केरबानं हे पाठ केलं.

तालुक्याच्या गावी रस्ता सुरक्षेचा कार्यक्रम होता. ज्याची गाडी सगळ्यांत जास्त वेळा बंद पडते तोच खरा जाणकार, असं कुणाच्या तरी मनात आलं आणि पाहुणे म्हणून रंगरावांना बोलावणं गेलं. रंगराव फेटा बांधून गेले. सभागृह गच्च भरलेलं. केरबा दाराशी उभा.

रंगराव दणक्यात म्हणाले, "बंधू-भगिनींनो! हायवेवर गाडी बंद पडली, तर सर्वांत महत्त्वाचं काय? तर सर्वांत महत्त्वाचं..."

आणि पुढचं विसरले.

त्यांनी घसा खाकरला. खर्र. पुन्हा खाकरला. खर्र, खर्र. हा आवाज केरबाच्या ओळखीचा होता. सेल्फ मारला की गाडी असंच करायची आणि मग बंद पडायची.

रंगरावांनी आठवण्यासाठी डोळे गच्च मिटले. पापण्यांवर उजेड-अंधार, उजेड-अंधार होऊ लागला. लाईट जातेय वाटतं, त्यांच्या मनात आलं. मग खुर्च्या सरकल्याचा आवाज झाला. लोक आपल्या मानासाठी उभे राहतायत, असं त्यांना वाटलं. छाती फुगली आणि वाक्यही आठवलं. "सर्वांत महत्त्वाचा माणसाचा जीव!" असं गरजत त्यांनी डोळे उघडले.

सभागृह रिकामं होतं. दिवे उघडझाप करत होते. व्यासपीठाच्या मागच्या बाजूला, पन्नास पावलं भरायच्या आत जागा संपली तिथं, भिंतीला टेकून लाल त्रिकोण उभा होता. खिडकीतून पाहिलं, तर अध्यक्षांसकट सगळी मंडळी कुंपणाच्या भिंतीपलीकडे ओळीनं उभी. भाषणातून सुटका झाल्यामुळे कुणाचीच तक्रार दिसत नव्हती.

केरबा फोन कानाला लावून धावत आला.

"भिऊ नगासा, दाजी. माणसं समदी पलीकडं हाईत. क्रेन दारात आलीया. क्रेनवाला फकस्त इचारतोय, तुमास्नी पुढनं उचलू का मागनं?"