दोन आरसे आणि शेवटचा चंडोल

एका राज्यात माणसांपेक्षा आरसे जास्त होते. तळहाताएवढा आरसा, रेशमी गोंड्याने कमरेला बांधलेला. त्यात पाहून काहीही विचारावं, धान्याचा भाव किंवा दूरदेशी दिलेल्या लेकीची खुशाली. आतला बोलका पक्षी भुर्रकन उडे आणि खबर घेऊन परते.

हे आरसे घडवणारे मांत्रिक दोन. मयकेतूचे आरसे सोन्याच्या चौकटीचे आणि महाग. आत त्याचाच राजहंस. विश्वभोजाचे आरसे लाकडाच्या, पितळेच्या, वाट्टेल त्या चौकटीत मिळत आणि कुंभारालाही परवडत. आत त्याचाच पोपट. दोघांमधून विस्तव जात नसे. एका गोष्टीत मात्र त्यांचं गुळपीठ होतं, आपल्या आरशात तिसऱ्या कुणाचा पक्षी शिरू द्यायचा नाही. म्हणून दोघांनी मिळून एक शाप घातला होता, की ज्या बोलक्या पक्ष्याला आरसा मिळणार नाही, तो दगड होईल.

म्हाळोजी पक्षिपालाचे तीनशे पक्षी असेच दगड होऊन नगराच्या तटावर ओळीने बसले होते. म्हातारा तरी रोज सकाळी पाटी घेऊन तटावर चढे आणि एकेका दगडापुढे मूठमूठ बाजरी टाके. खाली लोक हसत, “म्हाळोजी, दगडांना अजीर्ण होईल हो!” त्याची लेक शेवंता ते ऐके आणि ओठ आवळून घरी येई. घरी एकच पक्षी उरला होता, मातकट रंगाचा एक चंडोल. एके सकाळी तिने पाहिलं, त्याच्या डाव्या पंखाचं टोक राखाडी झालं होतं. बोट लावलं, तर गार दगड.

शेवंता तशीच उठली आणि चंडोलाला ओंजळीत घेऊन राजा मकरंदसेनाच्या सभेत गेली.

“महाराज, माझ्या पक्ष्याला एक आरसा हवा.”

“आरशात राहायला योग्यता लागते,” मयकेतू म्हणाला.

“तीन कसोट्या लागतात,” विश्वभोज म्हणाला. भर सभेत पहिल्यांदाच त्याने मयकेतूच्या बोलण्याला दुजोरा दिला होता.

“मान्य,” शेवंता म्हणाली.

पहिली कसोटी वेगाची. हिमशिखरापलीकडच्या सरोवरात आज कमळं किती, ते सांगायचं. राजहंस, पोपट आणि चंडोल उडाले. राजहंसाला मयकेतूच्या सात वेशींतूनच जावं लागे, दर वेशीवर मान लववून परवानगी घ्यावी लागे. पोपट वाटेत बारा दुकानांवर उतरला आणि परतल्यावर आधी शालूंचे भाव नि अत्तरांची नावं सांगत बसला. चंडोल सरळ गेला, सरळ आला. म्हणाला, “एकशे सात. एक मिटतं आहे.” मग तो शेवंताच्या मनगटावर बसून धापा टाकू लागला.

दुसरी कसोटी विश्वासाची. राजाने प्रत्येक पक्ष्याला एकांतात नेऊन एकेक खासगी प्रश्न विचारला. दुसऱ्या दिवशी पाहतात तो राजवाड्याच्या दारात अकरा तेलवाले उभे! टकलावर केस उगवण्याची हमी अकराही जण देत होते. राजाने मुकुट कानापर्यंत खाली ओढला आणि पोपटाकडे रोखून पाहिलं. राजहंसाने बाहेर कुठे ब्र काढला नव्हता; पण मयकेतू सभेत येताच गोड हसून म्हणाला, “महाराजांची दाढ आता कशी आहे?” चंडोलाला राजाने काय विचारलं होतं, ते मात्र आजवर कुणाला कळलेलं नाही. मलाही नाही.

“आता तिसरी,” विश्वभोज म्हणाला. “शिरू दे त्याला आरशात.”

चंडोल झेपावला, काचेवर आपटला आणि खाली पडला. दोन्ही पंख दगड झाले. दोघे मांत्रिक एकमेकांना टाळी देऊन हसले.

शेवंताने त्याला पदरात उचललं. मग ती राजाकडे वळली. “महाराज, आरसा घेताना आपण शपथपत्रावर अंगठा उठवला. ते पत्र मला वाचायचं आहे.”

सभेत खसखस पिकली. त्या राज्यातली रीतच तशी होती. शपथपत्र तेहेतीस हात लांब, अक्षर मुंगीएवढं. विकणारा शेवटची वीतभर जागा तेवढी उलगडी, घेणारा तिथे अंगठा टेकवी आणि आरसा घेऊन नाचत घरी जाई. राजाने तर दोन्ही मांत्रिकांचे आरसे घेतले होते, म्हणजे एकाच मजकुराच्या दोन पत्रांवर अंगठा उठवला होता.

“हे कुणी वाचलं आहे?” शेवंताने विचारलं.

प्रधान छताकडे पाहू लागले. राजपुरोहितांना खोकला आला.

“वाचून काय मिळणार, मुली?” मयकेतू म्हणाला.

“माझे बाबा पिंजरे विणतात. विणणारा आत हात घालून विणतो, मग शेवटी तो हात बाहेर काढायला त्याला कुठेतरी फट ठेवावीच लागते. तुम्हीही ठेवली असणार.”

आता मयकेतू हसला नाही.

शेवंता जमिनीवर बसली आणि वाचू लागली. दहा हात झाले, चंडोलाचे पाय दगड झाले. वीस हात झाले, पोट गार पडलं. तिने डोळे पुसले आणि पुन्हा ओळीवर बोट ठेवलं. साडेबत्तीस हात झाले, फट नव्हती. उरली ती शेवटची वीत, जिथे राजाच्या अंगठ्याचा काळा ठसा होता. शेवंताने ते टोक उचलून खिडकीतल्या उन्हासमोर धरलं. ठशाखाली एक ओळ दडलेली होती. सगळ्या राज्याने नेमका तिच्यावरच अंगठा टेकवला होता.

तिने मोठ्याने वाचलं, “हा मंत्र धन्याच्या संमतीने चालतो. धनी ज्या पक्ष्याला ‘हा माझा’ म्हणेल, त्याला आरशाने वाट द्यावी.”

“महाराज, तसं म्हणू नका!” विश्वभोज ओरडला. “परका पक्षी! आरसा तडकेल!”

“चोर शिरतील! खबर आटेल!” मयकेतू ओरडला.

राजाने कमरेचा आरसा हातात घेतला आणि घुटमळला. त्या आरशाशिवाय त्याला घासाची चव लागत नसे. चंडोलाच्या चोचीपर्यंत दगड चढला होता; एक डोळा तेवढा जिवंत होता आणि तो शेवंताकडे पाहत होता.

“महाराज, आपलं गुपित त्याने राखलं,” शेवंता म्हणाली. “त्याला राखा.”

बाहेरून आरोळी आली, “तेल घ्या, तेल! महाराजांसाठी खास!”

राजाचे कान तांबडे झाले. त्याने आरसा चंडोलापुढे धरला आणि खणखणीत आवाजात म्हणाला, “हा माझा!”

काच पाण्यासारखी हलली. दगड पिठासारखा झडला, आणि चंडोल आरशात शिरून गाऊ लागला. आरसा तडकला नाही; तडकला तो दोघांनी मिळून घातलेला शाप. चोर शिरले नाहीत. तेलवाले मात्र त्या दिवसापासून दिसले नाहीत.

मांत्रिकांना राजाने हाकललं नाही. आरसे ते उत्तम घडवत, हे खोटं कशाला म्हणा? पण शपथपत्र एक हाताचं झालं, आणि प्रत्येक नवा आरसा धन्याला आधी विचारू लागला, “कोण हवं?” कित्येकांनी पुन्हा पोपटच मागितला, कित्येकांनी हंस. सवयीचा पक्षी सोडवत नाही, तर न सोडो. आता तो मागून घेतलेला होता.

शेवंता सभेतून निघाली ती धावतच तटावर गेली. म्हाळोजी त्या दिवशी उशिरा चढला होता. गुडघे धरत, पाटी सावरत, खाली न पाहता त्याने सवयीने बाजरीची मूठ पुढे करून उघडली.

कुणीतरी त्याच्या तळहातावर चोच मारली.

म्हाताऱ्याने मूठ उघडीच ठेवली. “सावकाश खा रे,” तो म्हणाला, “सगळ्यांना पुरेल.” आणि तो मटकन खाली बसून रडू लागला. त्याच्या खांद्यांवर, पाटीवर, पागोट्यावर तीनशे पक्षी उतरत राहिले, आणि त्या दिवशी तटावर बाजरीचा एक दाणा उरला नाही.