तिवरडीच्या खिंडीतला खारा झरा

जपून हं मंडळी, ओंजळ भरून पिऊ नका. बोट बुडवा, जिभेवर टेकवा, बास. लागलं ना खारट? समुद्र इथून दिसतसुद्धा नाही आणि सह्याद्रीच्या माथ्यावरचा हा झरा मात्र खारा. शिकलेली माणसं येतात, बाटलीत पाणी भरून तपासायला नेतात. त्यांचं ते जाणोत. आमच्या तिवरडीत सांगतात ते असं.

पूर्वी हे पाणी गूळ घातल्यासारखं गोड होतं म्हणे, आणि ही खिंड अशी ओस नव्हती. खाली कोकणात मीठ, तांदूळ, सुकी मासळी. वर देशावर ज्वारी, मिरची, गूळ. खालच्याला वरचं हवं, वरच्याला खालचं, आणि मध्ये हा डोंगर आडवा. म्हणून लादणीचे बैल. पाठीवर दोन्ही अंगांना गोण्या घेऊन घुंगरं वाजवत घाट चढायचे आणि इथं येऊन पाणी प्यायचे. घाटभर दुसरीकडे थेंब नाही, पण या वाटेनं कुणी पाणी बांधून घेत नसे. वर झरा आहे, एवढा भरवसा.

झऱ्याची राखण राहीबाईकडे होती. नवरा लादणीच्या वाटेवरच दरीत गेलेला, पदरात एकच लेक, चिमा. तिला राहीनं खाली खाडीकाठी, मिठागरात राबणाऱ्या घरात दिलं. बाया म्हणाल्या, "अगं, एवढी एक पोर आणि डोंगराखाली लोटलीस?"

राही हसायची. "लोटली कुठं? बैल वर येतात तोवर माझी चिमा माझ्या उंबऱ्यातच आहे."

आणि खरंच, दर उन्हाळ्यात पहिल्या मिठाबरोबर चिमा माहेरी यायची. खालून घुंगरं ऐकू आली की राही कामधाम टाकून खिंडीत धावायची. तिचं सगळं वर्ष त्या आवाजावर चालायचं.

मग साहेबाचं राज्य आलं. साहेबाला देशावरचा कापूस मुंबईच्या बंदरात हवा होता. हंगामाच्या शेवटाला त्याची माणसं साखळ्या, दुर्बिणी घेऊन घाट मोजत वर आली. आगीनगाडी न्यायची म्हणे इथून. इंजिनाला पाणी लागतं, पण गोडंच, खाऱ्यानं त्याचं पोट नासतं, हे त्यांच्याच एका हमालानं चावडीवर सांगितलं. गाव तिथंच खल करत बसलं. गाडी आली तर बैलांचं काय? आणि बैलांवर जगणाऱ्या गावाचं काय?

लादणीचा म्होरक्या केरबा. त्यानं तोड काढली. "अरे, मिठाच्या गोण्या आपल्याकडे आहेत ना? झराच खारा करू."

राहीला विचारलं. तिच्या डोळ्यांपुढे चिमाच उभी राहिली. बैल बंद म्हणजे लेक बंद. "ओता," ती म्हणाली. पहिली गोणी तिनं स्वतःच्या हातानं ओतली आणि घाटजाईला नवस बोलली, "आई, हे पाणी खारंच ठेव. त्या गाडीला इथला गोड घोट मिळू देऊ नकोस." गावानं शपथ घेतली, घाटाखाली कुणी याचं अवाक्षर काढायचं नाही. साहेबाच्या कानावर गेलं असतं तर पाठीची सालटी निघाली असती.

साहेबानं पाणी चाखलं, पचकन थुंकला आणि नकाशा गुंडाळून निघून गेला. गाडी उत्तरेच्या घाटानं न्यायची ठरली. गावानं देवीला पुरणाचा नैवेद्य दाखवला.

आता खुळेपणा बघा आमचा! गाडी इथं नाही म्हणजे बैल वाचले, असं धरून चालले. उत्तरेच्या घाटात रूळ टाकायचं काम निघालं, दगड-चुना वाहायला चढं भाडं मिळू लागलं, आणि पुढच्या हंगामाला सगळे बैल तिकडेच वळले. केरबासुद्धा गेला! परतला नाही. मग गाडी सुरू झाली आणि मीठ तिच्यातूनच देशावर चढू लागलं. कापूस तिकडे, व्यापारी तिकडे, बाजारही उठून तिकडे. खाली सरकारनं मिठागरं बंद पाडली, गडी मुंबईला गिरण्यांत गेले. एकच डोंगर, एकच पाऊस, पण त्या घाटाला शहर मिळालं आणि या घाटाला करवंदीच्या जाळ्या.

झरा मात्र खाराच राहिला. पावसाळे आले नि गेले, पाणी काही गोडं होईना. देवीनं नवस राखला हो, माणसालाच मागता आलं नाही.

घुंगरं थांबली तशी चिमाही येईना. राही रोज खिंडीपलीकडे देशाच्या अंगाला उतरून तिथल्या ओढ्यावरून घागर आणायची आणि झऱ्यात ओतायची. "माझ्या हातानं नासलं, माझ्याच हातानं गोड होईल," म्हणायची. लोक तिला वेडी म्हणू लागले.

आणि एका वैशाखात चिमा आली. नवरा मुंबईला गेलेला, आईची सय अनावर झालेली, एकटीच भर उन्हात बुजलेल्या वाटेनं घाट चढली. पाणी घेतलं नव्हतं तिनं. कशाला घेईल? वर आईचा झरा होता. तो खारा झाल्याचं खाली कुणी बोललंच नव्हतं. होरपळलेल्या जिवानं ती या काठाला आडवी पडून प्यायली, आणखी तहानली, आणखी प्यायली.

राही ओढ्यावरून भरली घागर घेऊन आली तेव्हा लेक इथं पडलेली, ओठांवर मीठ. घागर तिनं लेकीच्या तोंडाला लावली. पाणी गालावरून ओघळून मातीत गेलं. मग तिनं उरलेली घागर झऱ्यात रिती केली आणि हंबरडा फोडला, असं सांगतात.

आजही तिवरडीची लेक माहेरी यायची असली की आई घरात वाट बघत बसत नाही. घागर घेऊन या खिंडीत येते. लेकीला आधी पाणी पाजायचं, मग गळाभेट. हल्ली लेकी जीपनं येतात, पिशवीत बाटली असते, तरी पितात. उरलेलं पाणी आई झऱ्यात ओतते आणि लेक बोट बुडवून चाखते.

"झालं का गं गोड?" आई विचारते.

इथं खोटं बोलायचं नाही, अशी रीत आहे.

"नाही गं आई. अजून नाही."