टुणक्या झाडावर चढेना

माकडांची माणसं होत होती आणि काही माकडांनी शहाणपणानं नकार दिला होता, त्या काळची गोष्ट. टुणक्या माकड उंबरावरून धपकन पडला. लागलं फारसं नाही, पण तेव्हापासून तो खालीच बसून राहिला. अंधार पडला की खाली बिबट्या फिरायचा, तरी टुणक्या झाडाला हात लावेना.

सगळा कळप समजूत घालायला उतरला. "मी तर याच्या दुप्पट उंचावरून पडलोय!" काका म्हणाला. मग कोण किती उंचावरून पडलं यावरच भांडण जुंपलं आणि समजूत घालणारे एकमेकांचे कान ओढत वर निघून गेले.

संध्याकाळी साळिंदर मावशी आली. आपले काटे टोचतील म्हणून जरा लांबच बसली.

"काय झालं रे बाळा?"

"पडलो."

"मग?"

"सगळे हसले."

"मग?"

टुणक्या पायाच्या बोटानं माती उकरत राहिला. मावशीला कुठं जायची घाई नव्हती.

"आईपण हसली," म्हणत तो हमसून रडला. मावशीनं त्याला पोटभर रडू दिलं.

"हे आईला माहीत आहे?"

"नाही."

"सांगावंसं वाटतं?"

"वाटतं. पण ती शेंड्यावर बसलीय!"

"हो रे, तेवढी अडचण आहे खरी."

टुणक्यानं नाक पुसलं, वर पाहिलं आणि एकेक फांदी हलवून बघत तो चढू लागला.

बिबट्या आला तेव्हा झाडाखाली कुणी नव्हतं. वर आई लेकाच्या उवा काढत होती आणि "मेल्या, तेव्हाच नाही का सांगायचं?" म्हणत डोळे पुसत होती.