पुढे केलेला हात

फ्रान्समध्ये डोंगराच्या उतारावर एक लहानसं गाव आहे. ओगुस्त नावाचा सायकलपटू तिथलाच. त्याने शर्यती पुष्कळ केल्या, पण पहिला नंबर काही त्याच्या वाट्याला आला नाही. तरी लोकांचा त्याच्यावर भारी जीव. तो दिसला की "ओगुस्त! ओगुस्त!" असा गजर व्हायचा. टाळ्या नक्की कुणासाठी चालल्यात, हे जिंकणाऱ्या बिचाऱ्यालाच कळायचं नाही.

सायकलपटूंची एक जुनी रीत होती. शर्यत ज्याच्या गावातून जाई, त्याला बाकीचे थोडं पुढे जाऊ देत. त्याने आपल्या दारात थांबावं, घरच्यांना भेटावं आणि मागून घोळका आला की पुन्हा त्यात सामील व्हावं. संधी साधून पळ मात्र काढायचा नाही. हे कुठे लिहिलेलं नव्हतं, पण सगळे पाळत.

एका वर्षी ओगुस्तचे वडील बासिल फार आजारी होते. शर्यतीआधी ते म्हणाले, "या खेपेला थांब हं, पोरा. पुढच्या खेपेला मी असेन-नसेन. जरा हात हातात दे, एवढंच."

"थांबतो, बाबा. शब्द देतो."

गाव जवळ आलं. शेजारून चाललेला सायकलपटू म्हणाला, "जा, भेटून ये. आम्ही सावकाश येतो."

ओगुस्त पुढे निघाला. दुतर्फा माणसांची दाटी, कानठळ्या बसवणारा गजर. पुढे रस्ता मोकळा आणि मागे पाठलागावर कुणी नाही. आज आपण जिंकू शकतो, असं त्याच्या मनात आलं. बासिल दारात खुर्ची टाकून बसले होते. त्यांनी हात पुढे केला. 'बाबाच म्हणतायत, जा पुढे,' अशी ओगुस्तने स्वतःची समजूत घातली आणि जोरात पेडल मारलं. समजूत घालून घ्यायला माणसाला कितीसा वेळ लागतो!

तो जिंकला. लोकांनी त्याला डोक्यावर घेतलं. बरोबरीचे मात्र त्याच्याकडे न बघता निघून गेले. एकजण तेवढा थांबून म्हणाला, "आम्ही तुला बापासाठी सोडलं होतं." पुष्पगुच्छ हातात असतानाच बासिल गेल्याचा निरोप आला.

त्या दिवसापासून शर्यतीत कुणी कुणाला पुढे सोडेना. रीत मोडली ती मोडलीच.

ओगुस्तने पुढे सायकल सोडली, पण त्याची लोकप्रियता वाढतच गेली. लोक दारात येऊन त्या विजयाची गोष्ट सांगायला लावत. तो सांगे, पण वडिलांच्या खुर्चीचा भाग गाळून.

म्हातारपणी तोही आजारी पडला. त्याचा मुलगा लुसियां आता शर्यती करत होता. शर्यत गावातून निघाली तेव्हा ओगुस्त त्याच दारात, त्याच खुर्चीत बसला होता. घोळका आला. लुसियां मधोमध अडकलेला. त्याने बापाकडे पाहिलं, डोळे भरून आले, पण त्याला वाट द्यायला कुणी सरकलं नाही. ओगुस्तने हात पुढे केला. सायकली सर्रकन निघून गेल्या.

"बघा, आपला ओगुस्त हात हलवतोय!" लोक ओरडले आणि त्यांनी टाळ्यांचा कडकडाट केला.

तात्पर्य: टाळ्यांसाठी जो आपल्या माणसाचा हात टाळतो आणि सोबत्यांचा विश्वास मोडतो, त्याच्यापाशी शेवटी टाळ्याच उरतात, हात हाती येत नाही.