चार बांधांची चौफुली

फार पूर्वी, भाताच्या चार खाचरांचे बांध जिथे एकत्र येत, तिथे एक नियम होता. आपल्या उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं. सगळे तो पाळत.

एका सकाळी चौघे चार बाजूंनी एकाच वेळी तिथे पोचले. मुंगीने अंडं आणलं होतं. तिच्या उजवीकडे गोगलगाय होती, गोगलगायीच्या उजवीकडे सरडा, सरड्याच्या उजवीकडे खेकडा आणि खेकड्याच्या उजवीकडे मुंगी. चौघेही थांबले.

ऊन चढू लागलं. मुंगीने अंडं आपल्या सावलीत ठेवलं, पण तिची सावली फारच लहान होती.

"खेकडेदादा, अंडं सुकेल हो. मी जाऊ का?"

"तुझ्या उजवीकडे गोगलगाय आहे ना? मग थांब. तुझ्यासाठी मीही थांबलोच आहे की."

"मग तुम्ही तरी पुढे व्हा."

"आणि नियम मोडू?"

सरड्याने मान डोलावली. तो नेहमीच डोलावतो.

गोगलगायीने अंड्याकडे पाहिलं. "मुंगीताई, मी आत जाते," असं म्हणून ती शंखात शिरली. "आता तुमच्या उजवीकडे कोणी नाही."

"शंख आहे की," खेकडा म्हणाला.

"शंख कुठे जात नसतो," आतून आवाज आला.

खेकड्याला ते पटलं. मुंगी अंडं उचलून पळाली. मग खेकडा गेला, मग सरडा.

गोगलगाय बाहेर आली. तिने उजवीकडे पाहिलं आणि निघाली. पलीकडे ती सगळ्यांच्या शेवटी पोचली. तशीही ती शेवटीच पोचणार होती.