रखमाजीचा जोडतुकडा

एका डोंगराखाली एक नगर होते आणि त्या नगरात पाण्याची कायम ओरड. डोंगरावर मात्र भलेमोठे तळे होते. राजाने ठरवले, तळ्याचे पाणी भाजलेल्या मातीच्या नळांतून खाली आणायचे. काम दोन कुंभारांना वाटून दिले. तळ्याकडून रखमाजीने नळ टाकत यायचे, नगराकडून हैबतीने. सगळे नळ एका मापाचे व्हावेत म्हणून दोघांना एकसारखा लाकडी साचा दिला. साच्याभोवती माती लिंपायची, साचा ओढून काढायचा, नळ भट्टीत भाजायचा. चुकायला जागाच नव्हती.

चैत्रात दोन्ही रांगा समोरासमोर आल्या आणि सगळे कपाळाला हात लावून बसले. रखमाजीचा नळ अरुंद, हैबतीचा रुंद.

"साचा तासलास तू," हैबती म्हणाला.

"आन् तू साच्याला फडकं गुंडाळलंस," रखमाजी म्हणाला.

साचे शेजारी ठेवून पाहिले, तर दोन्ही सारखेच. खरे तर भांडण तिथेच मिटायचे. पण समोरच्याने आधी लबाडी केली आणि आता साचाही गुपचूप बदलून आणला, असे दोघांनाही वाटू लागले.

उपाय दोघांनाही ठाऊक होता. एक तोंड अरुंद, दुसरे रुंद असा जोडतुकडा घडवला की झाले. आज नळाच्या दुकानात त्याला रिड्यूसर म्हणतात आणि दुकानदार तो फळीवरून काढून हातावर ठेवतो. पण त्या मुलखातल्या कुंभारांची रीत अशी, की जो जोडतुकडा घडवील त्याचेच माप चुकले असे पंच धरायचे. मग घडवणार कोण? दोघे आपापल्या टोकाशी हाताची घडी घालून बसले. विहिरींनी तळ गाठला, लोक गाड्या जुंपून नगर सोडू लागले, तरी यांचा ताठा कमी होईना.

रखमाजीची लेक सगुणा त्याच नगरात दिली होती. एके दुपारी ती बापाची भाकरी घेऊन आली. कडेवर पोर होते, ओठ सुकले होते.

"आबा, पुनवेला आमची बी गाडी जुंपायची ठरलंय," ती म्हणाली. "माप कुणाचं खरं ते ठरलं, म्हंजे हंडा भरंल का?"

रखमाजीने भाकरी बाजूला ठेवली. लेकीचे घर उठायला आले होते आणि आपण इथे अब्रू सांभाळत बसलो, याची त्याला लाज वाटली. त्याची स्वतःची माती डोंगरापलीकडे, ती आणायला वेळ नव्हता. तो उठला आणि पंचांदेखत हैबतीपुढे जाऊन उभा राहिला.

"जोडतुकडा मी घडवतो. टोपलंभर माती दे."

हैबतीला आनंदाच्या उकळ्या फुटल्या. त्याने एकाऐवजी दोन टोपल्या दिल्या.

रखमाजीने दोऱ्याने दोन्ही नळांची तोंडे मापली. माती भट्टीत आकसते हे कुंभाराला सांगावे लागत नाही. म्हणून हाताच्या सवयीने त्याने तुकड्याची दोन्ही तोंडे मापापेक्षा मोठी ठेवली. तुकडा भाजून निघाला, तर दोन्हीकडे ढिला.

हैबती पोट धरून हसला. "अरे, एवढी कशाला मोठी ठेवलीस? आमची माती रेताड. भट्टीत फारशी आकसत न्हाई ती."

"आमची काळी माती लई आकसती," रखमाजी म्हणाला. मग तो त्या ढिल्या तुकड्याकडे बघतच राहिला. "हैबती, म्हंजे साचा तूबी बदलला न्हाईस, अन् मीबी न्हाई."

हैबतीचे हसू तिथेच थांबले. तो खाली बसला आणि माती मळू लागला.

दुसरा तुकडा दोघांनी मिळून घडवला. तो दोन्ही तोंडांना घट्ट बसला. पुनवेच्या आदल्या दिवशी नगरात पाणी आले आणि सगुणाने गाडीत भरलेले सामान परत घरात नेले.

पंच रीतीप्रमाणे विचारायला आले, "मग चूक कुणाची धरायची?"

"दोघांचीबी," हैबती म्हणाला. "तोंडं मापत बसलो. एकमेकाच्या मातीला हात कुणी लावलाच न्हाई."

तात्पर्य: समोरच्याला लबाड ठरवण्याआधी त्याच्या मातीत एकदा हात घालून पाहावा.